परदेशी सरकारकडे शिष्यवृत्तीचे पैसे थकले, तर पुण्यातले विद्यापीठ ते वसूल कसे करणार?

परदेशी विद्यार्थी पुण्याला नवे नाहीत. १९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठात, म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात, आणि त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांत पश्चिम आशिया, आफ्रिका आणि अफगाणिस्तानातील मुले-मुली अनेक दशके शिकत आली आहेत. १९७१ मध्ये डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी सिंबायोसिस सुरू केले तेही परदेशी विद्यार्थ्यांची इथे होणारी आबाळ पाहूनच. या विद्यार्थ्यांच्या घरभाड्याविषयी, व्हिसाविषयी आणि भाषेच्या अडचणींविषयी शहरात भरपूर बोलले जाते, पण त्यांचे शुल्क नेमके कोण भरते आणि भरणाऱ्याने हात वर केले तर काय होते, याविषयी फारसे कोणी बोलत नाही.

शुल्क येण्याच्या ढोबळमानाने तीन वाटा आहेत. पहिल्या वाटेत विद्यार्थ्याचे कुटुंब पैसे भरते. दुसऱ्या वाटेत ते भारत सरकार भरते. १९५० मध्ये मौलाना आझादांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्त्या या प्रकारात येतात. तिथे पैसे उशिरा आले तरी देणेकरी आपलेच सरकार असते आणि पत्रव्यवहार दिल्लीच्या पुढे जात नाही. तिसऱ्या वाटेत विद्यार्थ्याच्या मायदेशाचे सरकार शुल्क भरते. त्या देशाचे उच्च शिक्षण मंत्रालय, एखादे प्रांतिक सरकार किंवा सरकारी मालकीची तेल कंपनी विद्यापीठाला पत्र देते की अमुक विद्यार्थी आमचा शिष्यवृत्तीधारक असून त्याचा खर्च आम्ही करू. त्या पत्राच्या भरवशावर प्रवेश दिला जातो.

हा लेख या तिसऱ्या वाटेविषयी आहे. सोयीसाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पुण्यातील एका विद्यापीठात एका देशाचे ४० शिष्यवृत्तीधारक आहेत, प्रत्येकाचे वार्षिक शुल्क ४,००० डॉलर आहे आणि दोन वर्षांचे पैसे आलेले नाहीत. येणे झाले ३ लाख २० हजार डॉलर, म्हणजे अडीच कोटी रुपयांच्या वर. कुलसचिवांपुढे प्रश्न असा की, ही रक्कम एखाद्या कंपनीकडे थकली असती तर वकिलाची नोटीस गेली असती आणि शिवाजीनगरच्या न्यायालयात दावा लागला असता. देणेकरी एक सार्वभौम देश असल्यावर काय करायचे?

पैसे थकतात ते का

सरकारने ठरवून पैसे बुडवले, असे फार क्वचित घडते. बहुतेक वेळा देण्याचा वायदा आणि देण्याची ताकद यांच्यात अंतर पडते. शिष्यवृत्तीची घोषणा स्थानिक चलनातल्या अंदाजपत्रकातून होते आणि शुल्क मात्र डॉलर, पौंड किंवा रुपयांत भरायचे असते. नायजेरियाने जून २०२३ मध्ये आपले चलन बाजारभावावर सोडले. त्याआधी एका डॉलरला साडेचारशेच्या आसपास नायरा पडत होते, पुढच्या वर्षी तो आकडा पंधराशेच्या वर गेला. शिष्यवृत्तीची तरतूद तेवढीच राहिली, तर तिच्यात आधी जितके विद्यार्थी शिकत होते त्यांच्या एक तृतीयांशाचाही खर्च भागत नाही.

घानाचे उदाहरण अधिक बोलके आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्या देशाने आपल्या परकीय कर्जाच्या मोठ्या भागाची परतफेड थांबवली. कर्जरोखे घेतलेल्या मोठ्या वित्तसंस्थांशी वाटाघाटी सुरू झाल्या, त्यांच्या बातम्या जगभर छापून आल्या; पण परदेशांतील विद्यापीठांची शुल्काची बिले त्या वाटाघाटींच्या टेबलावर नव्हती. २०२५ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस विद्यापीठाचे सुमारे ३६ लाख डॉलर घानाच्या शिष्यवृत्ती कार्यालयाकडे थकल्याचे उघड झाले आणि तिथल्या घानाच्या विद्यार्थ्यांवर देश सोडण्याची वेळ येते की काय, अशी स्थिती झाली. ब्रिटनमध्ये पीएचडी करणाऱ्या घानाच्या विद्यार्थ्यांनीही याच कारणासाठी तिथल्या सरकारकडे दाद मागितली. आर्थिक संकटातल्या सरकारच्या घेणेकऱ्यांच्या यादीत विद्यापीठाचे नाव शेवटच्या पानावर असते. विद्यापीठाने पैसे मागितले म्हणून त्या देशाचे पतमानांकन घसरत नाही की त्याच्या बंदरात गहू येणे थांबत नाही.

युद्ध आणि सत्तांतर ही दुसरी कारणे. २०११ मध्ये लीबियातील उठावाच्या वेळी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १९७० आणि १९७३ या क्रमांकांचे ठराव करून लीबियाचा परदेशांतील निधी गोठवला. त्या निधीतून शिकणारे हजारो लीबियन विद्यार्थी एका रात्रीत अडचणीत आले, आणि काही देशांना त्याच गोठवलेल्या पैशांतून त्यांच्या खर्चापुरती रक्कम सोडण्याची खास परवानगी काढावी लागली. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलमध्ये तालिबानची सत्ता आल्यावर अफगाणिस्तानच्या मध्यवर्ती बँकेची अमेरिकेतील सुमारे ७ अब्ज डॉलरची मालमत्ता गोठवली गेली. पुण्यात अफगाण विद्यार्थी मोठ्या संख्येने असल्याने त्या महिन्यांत घरून पैसे न येण्याचा अर्थ काय असतो, हे इथल्या घरमालकांनी आणि महाविद्यालयांनी जवळून पाहिले.

सत्ता बदलली म्हणजे देणे बुडाले का? आंतरराष्ट्रीय कायद्याचे उत्तर नकारार्थी आहे. १९२३ मध्ये ब्रिटन आणि कोस्टा रिका यांच्यातील टिनोको लवादात अमेरिकेचे माजी अध्यक्ष विल्यम टाफ्ट यांनी हे तत्त्व स्पष्ट केले की सरकार बदलले तरी राज्य तेच राहते आणि आधीच्या सरकारच्या देण्यांतून ते सुटत नाही. याच निवाड्यात रॉयल बँक ऑफ कॅनडाचा दावा मात्र फेटाळला गेला, कारण आपण दिलेला पैसा पदच्युत होऊ घातलेल्या सत्ताधीशाच्या खासगी उपयोगासाठी चालला आहे, हे बँकेला कळायला हवे होते. शिक्षण मात्र सार्वजनिक हेतूचेच काम असल्याने विद्यापीठाची बाजू या कसोटीवर भक्कम ठरते. अडचण येते ती तत्त्वापाशी नाही, पैसे कोणत्या खिडकीतून मागायचे तिथे येते.

देणेकरी नेमका कोण

समजा, सदाशिव पेठेतल्या खानावळीत एक मुलगा दोन वर्षे जेवला. ‘पैसे माझा मामा देईल’ असे त्याने सांगितले, मामाने एकदा येऊन मान डोलावली आणि पुढे तो आलाच नाही. खानावळवाल्याने पैसे कोणाकडे मागायचे, हे मामाने नेमके काय कबूल केले होते यावर अवलंबून राहील. परदेशी सरकारच्या पत्राचेही असेच आहे.

अशा पत्रांत तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात आणि वसुलीचा सगळा पुढचा प्रवास त्यांवर ठरतो. पत्रात केवळ ‘हा आमचा शिष्यवृत्तीधारक आहे’ असे म्हटले असेल, तर ती माहिती आहे, वचन नव्हे. शुल्काचा करार विद्यापीठ आणि विद्यार्थी यांच्यातच राहतो. ‘विद्यार्थ्याने न भरल्यास आम्ही भरू’ असे असेल, तर भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२६ नुसार ती हमी होते, म्हणजे मूळ देणेकरी विद्यार्थी आणि जामीन सरकार. ‘शुल्क आम्ही थेट विद्यापीठास अदा करू’ असे स्पष्ट लिहून विद्यापीठानेही ते स्वीकारले असेल, तर सरकार स्वतःच देणेकरी ठरते. प्रवेशाच्या गडबडीत ही पत्रे वाचली जातात ती ‘पत्र आहे की नाही’ एवढेच पाहण्यासाठी. त्यावर शिक्का आहे, राजमुद्रा आहे, दूतावासाचे नाव आहे, एवढ्यावर समाधान होते. माझ्या मते थकबाकीची निम्मी लढाई याच टप्प्यावर हरली किंवा जिंकली जाते.

त्यातही पत्रावर सही कोणाची, हा प्रश्न उरतोच. सही बहुधा शिक्षण मंत्रालयाच्या किंवा दूतावासातील सांस्कृतिक विभागाच्या अधिकाऱ्याची असते आणि पैसे सुटतात ते अर्थ मंत्रालयाच्या व मध्यवर्ती बँकेच्या मंजुरीने. शिक्षण मंत्रालय प्रामाणिकपणे ‘आम्ही वर प्रस्ताव पाठवला आहे’ असे तीन वर्षे लिहीत राहू शकते, आणि त्यातले प्रत्येक पत्र खरे असू शकते.

कलम ८६ चा उंबरठा

आता न्यायालयाकडे वळू. एक देश दुसऱ्या देशाच्या न्यायालयात खेचला जात नाही, हे जुने तत्त्व भारतात दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ८६ मध्ये लिहून ठेवले आहे. केंद्र सरकारच्या सचिवाने लेखी प्रमाणित केलेली संमती असल्याशिवाय परदेशी राज्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात दावा चालत नाही, असे हे कलम सांगते. संमती केव्हा देता येईल याच्या अटीही त्यात आहेत: ते राज्य न्यायालयाच्या हद्दीत व्यापार करत असावे, किंवा तिथल्या स्थावर मालमत्तेविषयी वाद असावा, किंवा त्याने दावा लावणाऱ्यावर आधी स्वतःच दावा लावलेला असावा, किंवा आपला विशेषाधिकार त्याने उघडपणे वा वर्तनातून सोडलेला असावा. राजदूतालाही हेच संरक्षण मिळते.

आपण राज्यावर नव्हे, त्याच्या मंत्रालयावर दावा लावतो, असे म्हणून ही अट टाळता येत नाही. मिर्झा अली अकबर काशानी या चहाच्या व्यापाऱ्याने संयुक्त अरब प्रजासत्ताक (आजचा इजिप्त) आणि त्याचे अर्थ मंत्रालय यांच्यावर कलकत्त्यात करारभंगाचा दावा लावला होता. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संमतीअभावी तो चालणार नाही असा निर्णय दिला. परक्या देशाच्या शिक्षण मंत्रालयाला प्रतिवादी करणाऱ्या विद्यापीठाला हाच निर्णय दाखवला जाईल.

अर्थात केंद्र सरकारची संमती ही लहरीची बाब नाही. अल्जीरियाच्या दूतावासाच्या इमारतीची दुरुस्ती करून बिल न मिळालेल्या हरभजनसिंग ढल्ला यांच्या प्रकरणात १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की संमती नाकारायची तर विचारपूर्वक, कारणे देऊन नाकारावी लागेल, आणि सरकारला फेरविचार करायला लावला. १९७६ च्या दुरुस्तीने कलमात हेही घातले आहे की अर्जदाराचे म्हणणे ऐकून घेण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय संमती नाकारता येत नाही. त्यामुळे विद्यापीठाने परराष्ट्र मंत्रालयाकडे अर्ज करताना मूळ पत्रे, विद्यार्थीनिहाय हिशेब आणि दूतावासाशी झालेला पत्रव्यवहार असे सगळे बांधून द्यावे, कारण पुढे नकार आलाच तर त्याला आव्हान देताना हीच फाइल उपयोगी पडते.

दिल्ली इतकी सावध का असते, हे समजायला आपण देणेकऱ्याच्या खुर्चीत बसून पाहावे. डिसेंबर २०२० मध्ये केर्न एनर्जी या कंपनीने पूर्वलक्षी कराच्या वादात भारत सरकारविरुद्ध सुमारे १.२ अब्ज डॉलरचा लवाद निवाडा मिळवला, आणि २०२१ च्या जुलैमध्ये पॅरिसमधील भारत सरकारच्या काही मालमत्ता गोठवण्याचे आदेश तिथल्या न्यायालयाने दिल्याची बातमी आली, तेव्हा आपल्याकडे किती अस्वस्थता पसरली होती हे आठवेल. परक्या देशाला आपल्या न्यायालयात सहज खेचू दिले तर आपणही परक्या न्यायालयांत सहज खेचले जाऊ, हा हिशेब परराष्ट्र मंत्रालयाच्या डोक्यात सतत असतो. अडीच कोटींच्या शुल्कासाठी तो मोडायला मंत्रालय उत्सुक नसते, आणि ते अगदीच अनाकलनीय आहे असे मला वाटत नाही.

शिक्षण हा व्यापार आहे का

जगभर या संरक्षणाची धार हळूहळू कमी झाली आहे. राज्य म्हणून केलेली कृत्ये वेगळी आणि बाजारात उतरून केलेले व्यवहार वेगळे, असा भेद आता बहुतेक देश करतात. अमेरिकेचा १९७६ चा आणि ब्रिटनचा १९७८ चा कायदा व्यापारी व्यवहारांना संरक्षणातून वगळतो. ब्रिटिश कायद्यात तर वस्तू किंवा सेवा पुरवण्याचा कोणताही करार या व्याख्येत येतो. संयुक्त राष्ट्रांनी २००४ मध्ये याच धर्तीवर एक करार तयार केला. भारताने २००७ मध्ये त्यावर सही केली, पण त्याला अंतिम मान्यता दिलेली नाही आणि तो करार अद्याप अमलातही आलेला नाही.

भारतात या दिशेने पडलेले महत्त्वाचे पाऊल म्हणजे दिल्ली उच्च न्यायालयाचा जून २०२१ चा निर्णय. एका प्रकरणात अफगाणिस्तानच्या दूतावासाच्या नूतनीकरणाचे काम घेतलेली कंपनी होती, तर दुसऱ्यात इथिओपियाच्या शिक्षण मंत्रालयाला पुस्तके पुरवणारी कंपनी. दोघींकडेही लवादाचे निवाडे होते. व्यापारी करारातून आलेल्या लवाद निवाड्याची अंमलबजावणी करायला कलम ८६ खालील संमती लागत नाही, आणि लवादाचे कलम मान्य करणारे राज्य नंतर सार्वभौमत्वाची ढाल पुढे करू शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. पुण्यातल्या विद्यापीठासाठी यातला इथिओपियाचा भाग विशेष जवळचा आहे, कारण तिथे देणेकरी शिक्षण मंत्रालयच होते. मात्र हा निर्णय दिल्लीचा आहे, मुंबई उच्च न्यायालयावर तो बंधनकारक नाही.

इथे एक मजेदार पेच उभा राहतो. वरचे संरक्षण ओलांडायचे तर विद्यापीठाला सांगावे लागेल की आमचा व्यवहार व्यापारी होता, आम्ही सेवा विकली आणि तिचे मोल थकले. तेच विद्यापीठ आयकराच्या सवलतीसाठी मात्र वर्षानुवर्षे सांगत आलेले असते की शिक्षण हे धर्मादाय काम असून आम्ही नफा कमावत नाही. २००२ मध्ये टी. एम. ए. पै प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने शिक्षणसंस्था चालवणे हा ‘व्यवसाय’ करण्याच्या स्वातंत्र्यात बसवले, वाजवी शिल्लक ठेवायला मुभा दिली, पण नफेखोरीला मज्जाव केला. यातून वाट काढणे अशक्य नाही. संस्था धर्मादाय असली तरी तिचा एखादा करार मोबदल्याचा असू शकतो, असे म्हणता येते. तरीही समोरच्या देशाचा वकील या दोन भूमिका शेजारी ठेवून दाखवणार, याची तयारी विद्यापीठाच्या वकिलाने आधीच केलेली बरी.

हुकूमनामा हाती आला तरी

संमती मिळाली, दावा चालला आणि निकाल बाजूने लागला, असे धरून चालू. आता जप्ती कशाची आणायची? कलम ८६ च्या पोटकलम ३ नुसार परदेशी राज्याच्या मालमत्तेविरुद्ध हुकूमनाम्याची अंमलबजावणी करायला केंद्र सरकारची पुन्हा, वेगळी संमती लागते. शिवाय १९६१ च्या व्हिएन्ना कराराचे कलम २२ दूतावासाची जागा, तिथले सामान आणि वाहने यांना झडती, जप्ती आणि अंमलबजावणी या सगळ्यांपासून मुक्त ठेवते, आणि भारताने १९७२ च्या कायद्याने ते आपल्या कायद्यात आणले आहे. दूतावासाच्या कामकाजाचे बँक खाते हेही साधारणपणे हात न लावण्याची गोष्ट मानले जाते.

मग उरते काय? त्या देशाची भारतात असलेली निव्वळ व्यापारी मालमत्ता. ती शोधणे आणि ती राज्याचीच आहे, वेगळ्या कंपनीची नाही, हे सिद्ध करणे किती कठीण असते ते मोठमोठ्या सावकारांनी अनुभवले आहे. अर्जेंटिनाचे रोखे घेतलेल्या एका अमेरिकी गुंतवणूक निधीने ऑक्टोबर २०१२ मध्ये घानाच्या तेमा बंदरात अर्जेंटिनाचे ‘लिबर्ताद’ हे नौदलाचे प्रशिक्षण जहाज अडकवून दाखवले होते, पण दोन-अडीच महिन्यांतच आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणाच्या आदेशाने ते सोडावे लागले. अब्जावधींचा दावा असलेल्या निधीची ही गत, तर विद्यापीठाने जहाजांच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

प्रत्यक्षात वसुली होते ती कशी

ज्या वसुल्या होतात त्या बहुतेक न्यायालयाबाहेर होतात, आणि त्यांची सुरुवात लेखा विभागात होते. परदेशी सरकारने पैसे न देण्याचे सर्वांत सोयीचे कारण म्हणजे ‘हिशेब जुळत नाही’. ४० पैकी तीन विद्यार्थी पहिल्याच वर्षी परत गेलेले असतात, दोघांनी अभ्यासक्रम बदललेला असतो, एकाची शिष्यवृत्ती मायदेशात रद्द झालेली असते पण विद्यापीठाला ते कोणी कळवलेले नसते, आणि वसतिगृहाचे शुल्क शिष्यवृत्तीत धरले आहे की नाही यावर दोन पत्रांत दोन उत्तरे असतात. दूतावासातला नवा अधिकारी ही विसंगती पाहतो आणि फाइल परत पाठवतो. म्हणून नाव, पारपत्र क्रमांक, प्रवेशाचे सत्र, हजेरी, प्रत्येक सत्राचे शुल्क आणि आलेली रक्कम असा विद्यार्थीनिहाय तक्ता तयार करणे आणि त्यावर दूतावासाची सही मिळवणे हे नोटीस पाठवण्यापेक्षा कितीतरी मोलाचे काम आहे.

या सहीला कायद्याचेही बळ आहे. मुदत अधिनियम, १९६३ नुसार अशा पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. सरकारने लावलेल्या दाव्यांना मिळणारी तीस वर्षांची मुदत विद्यापीठाच्या वाट्याला येईल, असे गृहीत धरून बसू नये. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर कलम १८ प्रमाणे त्या दिवसापासून नवी मुदत मोजली जाते. थोडी रक्कम भरून तशी लेखी नोंद केली तर कलम १९ तोच परिणाम साधते. केंद्र सरकारची संमती मिळवण्यात गेलेला काळ कलम १५ प्रमाणे मोजणीतून वगळला जातो. म्हणजे ‘आम्हाला हे देणे मान्य आहे, निधी आल्यावर देऊ’ असे दूतावासाचे साधे वाटणारे पत्र, त्यावर अधिकृत सही असेल तर, विद्यापीठाच्या फाइलमधला सर्वांत किमती कागद ठरू शकते. हसतमुख भेटीत मिळालेल्या तोंडी आश्वासनाला मात्र या बाबतीत काही किंमत नाही.

त्यानंतरचा मार्ग राजनैतिक. विद्यापीठ स्वतः परक्या सरकारला तंबी देऊ शकत नाही. राज्य विद्यापीठ उच्च शिक्षण विभागामार्फत आणि अभिमत वा खासगी विद्यापीठ थेट परराष्ट्र मंत्रालयाकडे आपले म्हणणे मांडू शकते, आणि मंत्रालय त्या देशाच्या दूतावासाला राजनैतिक टिपण पाठवू शकते किंवा त्या देशातील आपल्या राजदूतामार्फत विषय काढू शकते. दोन्ही देशांच्या संयुक्त आयोगाच्या बैठकीची विषयपत्रिका ठरत असताना हे पत्र पोहोचले तर त्याला किंमत येते. बैठक उरकल्यावर पोहोचले तर पुढच्या बैठकीपर्यंत ते पडून राहते. अनेक विद्यापीठांचे एकाच देशाकडे येणे असेल, तर त्यांनी एकत्र जाणे केव्हाही शहाणपणाचे. एका विद्यापीठाचे अडीच कोटी ही तक्रार असते, दहा विद्यापीठांचे पंचवीस कोटी हा द्विपक्षीय विषय होतो.

तडजोडीत काय मिळू शकते? बहुधा हप्ते. पूर्ण मुद्दल सहा-आठ हप्त्यांत, व्याज माफ, आणि पहिला हप्ता आल्याखेरीज त्या देशाचे नवे शिष्यवृत्तीधारक न घेण्याची अट, असा आराखडा दोन्ही बाजूंना पचतो. नवे प्रवेश थांबवणे हे विद्यापीठाच्या हातातले एकमेव खरे दडपण आहे, कारण मायदेशातल्या मंत्र्याला पुढच्या तुकडीची यादी जाहीर करायची असते. डॉलरची चणचण असलेल्या देशाशी रुपयांत व्यवहार करण्याची शक्यताही आता बोलण्यात आणता येते. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२२ मध्ये आयात-निर्यातीचे व्यवहार रुपयांत मिटवण्यासाठी विशेष खात्यांची सोय केली आहे. आपल्या प्रकरणात ती कितपत लागू होते हे बँकेला विचारून ठरवावे लागेल. दरम्यान, लेखापरीक्षक हे येणे संशयित धरून त्याची तरतूद करायला सांगतील. तशी तरतूद करणे म्हणजे येणे सोडून देणे नव्हे, एवढे व्यवस्थापन परिषदेला समजावून सांगावे लागते.

मधल्यामध्ये सापडलेला विद्यार्थी

या साऱ्या प्रकरणात विद्यापीठाच्या हाताशी असलेला माणूस एकच असतो, तो म्हणजे विद्यार्थी. म्हणून दडपण त्याच्यावर येते. थकबाकी नसल्याचा दाखला मिळत नाही, मग गुणपत्रक अडते, मग पदवी अडते. नायजेरियातील कानो राज्याने शिकायला पाठवलेल्या विद्यार्थ्यांची पदवी प्रमाणपत्रे सायप्रसमधील विद्यापीठात अशीच वर्षानुवर्षे अडकली होती आणि नव्या राज्य सरकारने पैसे भरल्यावरच ती सुटली. वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या तरुणाला त्या कागदाअभावी मायदेशात नोंदणी करता येत नाही, म्हणजे ज्या सरकारला डॉक्टर हवे म्हणून त्याला पाठवले त्यालाही त्याचा उपयोग होत नाही.

भारतात विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी दिलेली मूळ कागदपत्रे संस्थेने ठेवून घेऊ नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि शैक्षणिक प्रमाणपत्र ही तारण ठेवायची वस्तू नाही, अशी भूमिका आपल्याकडील न्यायालयांनीही काही प्रकरणांत घेतली आहे. परदेशी विद्यार्थ्याची अडचण मात्र आणखी एका बाजूने येते. व्हिसाची मुदत वाढवायला त्याला पुण्याच्या परकीय नागरिक नोंदणी कार्यालयाकडे विद्यापीठाचे बोनाफाईड प्रमाणपत्र द्यावे लागते. शुल्क भरले नाही म्हणून सत्रात नाव नोंदवले नाही, तर बोनाफाईड नाही. बोनाफाईड नाही, तर व्हिसा नाही. पदवी अडवली तर काही महिने जातात, इथे तर शिक्षणच तुटते.

विद्यापीठाचीही बाजू आहे. फुकट शिकवले तर तो भार शेवटी इथल्याच विद्यार्थ्यांच्या शुल्कावर पडतो. पण ज्या विद्यार्थ्याला सरकारच्या पत्रावर प्रवेश दिला, त्याच्याकडून नंतर पैसे मागणे म्हणजे आपण ज्याची पत तपासायला हवी होती त्याच्याऐवजी भलत्याच माणसाला धरणे होय, असे मला वाटते. विद्यार्थ्याकडून मिळू शकते ती त्याच्या मायदेशातील शिष्यवृत्ती कार्यालयाकडे केलेल्या तक्रारीची प्रत आणि त्याचा मंजुरी आदेश. वसुलीच्या फाइलला या दोन्हींची गरज असते आणि तेवढे सहकार्य तो आनंदाने करतो.

पुढच्या तुकडीसाठी करार नव्याने लिहायचा, तर तो विद्यार्थीनिहाय पत्रांऐवजी सरकार आणि विद्यापीठ यांच्यात एकत्रित असावा. शुल्क प्रत्येक सत्राच्या आधी, ठरलेल्या चलनात यावे. शिक्षण मंत्रालयाबरोबर अर्थ मंत्रालयाचीही सही असावी. वाद झाल्यास लवाद, त्याचे स्थान भारतात, आणि व्यवहार व्यापारी असल्याची व विशेषाधिकार सोडल्याची कबुली दाव्यापुरती व अंमलबजावणीपुरती अशी दोन्ही ठिकाणी वेगवेगळी लिहिलेली असावी, कारण एकीतून दुसरी गृहीत धरली जात नाही. दर मार्चअखेरीस शिल्लक रकमेची लेखी पुष्टी देण्याचे बंधन दूतावासावर असावे. आणि पैसे थांबले तरी आधीच प्रवेश दिलेल्या विद्यार्थ्यांना चालू अभ्यासक्रम पूर्ण करू दिला जाईल, त्यांचे गुणपत्रक व पदवी अडवली जाणार नाही आणि त्या काळाचे शुल्क सरकारच्याच नावावर येणे राहील, हे कलम त्याच करारात असावे.